समुद्रातला बांध

आमच्या तासगावच्या महाविद्यालयात भूशास्त्र विभाग म्हणजे एक खोली, दोन कपाटे आणि ते सर. मी गणित शिकवीत असे. उपप्राचार्य या नात्याने शिस्तीचे काम माझ्याकडे होते. सरांशी माझे कधी जमले नाही. ज्यांच्याशी जमले त्यांची नावे आता चटकन आठवत नाहीत. निवृत्तीनंतर साताऱ्यातल्या घरी सकाळी एकटा बसलो की न बोलावता मनात येतात ते सरच.

ते औंधजवळच्या एका खेड्यातले. खांद्याला कॅनव्हासची पिशवी असे आणि तिच्यात जेवणाचा डबा व हातोडा शेजारी शेजारी. कोणाच्या घरी गेले की आधी उंबऱ्याचा दगड पाहत, मग माणसे. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टके चालू असताना ते कार्यालयाच्या पायरीवर भिंग लावून बसले होते. वधूपिता स्वतः बाहेर आला आणि म्हणाला, "सर, आत चला की." सर म्हणाले, "आलोच. ह्यो दगूड तुमच्या पाव्हण्यांच्या आधीपासनं उभा हाय. त्याला जरा भेटतो."

वर्गातही ते असेच बोलत. मी त्यांना एकदा माझ्या खोलीत बोलावून सांगितले की शिकवताना प्रमाण मराठी वापरावी. त्यांनी ऐकून घेतले. म्हणाले, "वापरतो की. पण दगडाला ती कळत न्हाई, आन पोरास्नीबी." मी त्यांच्या सेवापुस्तकात काही लिहिले नाही, एवढेच. लिहिण्याच्या बेतात होतो.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. विद्यार्थी नापास झाला, सहकाऱ्याचा पाय मुरगळला, संस्थेत दोन तट पडले, काहीही होवो. सर विचारत, "पुरवठा कुठनं हाय?" मुलगा अभ्यासात मागे पडला तर त्यांचे निदान असे: "घरनं पुरवठा न्हाई." भांडण फार दिवस चालले तर: "ह्याला कुठनंतरी पुरवठा हाय, शोधा." प्रथम मला हा वेंधळेपणा वाटे. पुढे ध्यानात आले की तो एकच प्रश्न ते आयुष्यभर एका विशिष्ट जागेला विचारत होते. ती जागा तासगावपासून फार दूर, हिंदी महासागराच्या तळाशी होती.

ते मुलांना कसे सांगत ते मी व्हरांड्यात उभा राहून अनेकदा ऐकले आहे. माझे काम शिस्त पाहण्याचे होते. ऐकणे त्यात ओघाने येई.

"महासागराच्या तळाला मधोमध एक डोंगररांग गेलीया," सर म्हणत. "हजारो मैल. मी तिला बांध म्हणतो. आपल्याकडं बांध कोरला की भाऊ भावाला कोर्टात उभा करतोय. त्यो बांध निराळा. त्येच्या मधोमध भेग पडती. खालनं तापलेला रस वर येतोय, भेग भरतोय, गोठतोय. परत भेग, परत रस. दोनी बाजूंची जमीन वर्साला बोट-दोन बोटं सरकत जाती. म्हंजे काय? दोनी शेजाऱ्यांचं रान वाढतंय, आन भांडाण न्हाई."

मुले हसत. मग तो प्रश्न येई.

"आता सांगा, रसाचा पुरवठा कसा हाय? काही बांधांना बारमाही. आपल्या हिंदी महासागरातल्याला पाळीनं, आपल्या कालव्यावानी. बांधाचा एकेक तुकडा धरा. तुकड्याच्या मधल्या भागाला भरपूर. आन टेलला?"

टेल म्हणजे कालव्याचे शेवटचे टोक. तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागायतदारांच्या मुलांना हा शब्द शिकवावा लागत नसे. वर्ग एका आवाजात म्हणे, "कोरडं."

"असं समदी म्हणत्यात," सर म्हणत, आणि खडू खाली ठेवत.

सहलीची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचे नीट कळणार नाही. इतर महाविद्यालयांचे भूशास्त्राचे विद्यार्थी डोंगरावर जात. सर मुलांना कराडकडच्या एका गुऱ्हाळावर घेऊन गेले. तक्रार आल्यामुळे मी देखरेखीसाठी सोबत गेलो. काहिलीत रस उकळत होता. गूळ तयार झाला की नाही हे पाहण्यासाठी गुळव्याने उलथन्यावरचा थोडा पाक थंड पाण्याच्या घमेल्यात सोडला. सरांनी तो गोळा उचलला, मुलांपुढे धरला आणि फोडला. बाहेरचे कवच काचेसारखे चकचकीत आणि कडक. आत अजून मऊ.

"समुद्रात असंच," सर म्हणाले. "रस थंडगार पाण्यात आला की वरचं कवच त्याच क्षणी गोठतंय. काच होती त्याची. आतला दगूड सावकाश गार हुतो, तवर त्येचं रूप पालटतंय. कवच मातुर वर येताना जे हुतं ते तसंच धरून बसतंय. दगडाला इचारायचं असंल तर कवचाला इचारा."

गुळव्या कमरेवर हात ठेवून बघत होता. म्हणाला, "आवं सर, परीक्षा गुळाची चाललीया का पोरांची?"

"दोनीची."

"आन नापास झालं तर?"

"तुमी काकवी म्हणून इकता. मला फुडल्या वर्सी परत शिकवावं लागतंय."

मी सहलीचा अहवाल लिहिला. त्यात 'उद्दिष्ट सफल' असे लिहिले. ते खरे होते.

आता तीन दगडांविषयी. तरुणपणी सर एका संशोधन जहाजावर गेले होते. तोपर्यंत त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. चाळीस दिवसांपैकी निम्मे त्यांनी उलट्या करण्यात घालवले, हे ते स्वतःच सांगत. जहाजावरून साखळीची जाळी तळापर्यंत सोडून दगड ओढून आणीत. एके दुपारी सगळे जेवायला गेले असताना सर, जेवण जात नसल्यामुळे, जाळीपाशीच बसले होते. बांधाच्या एका तुकड्याच्या टेलवरून जाळी वर आली. तिच्यात तीन काळे दगड होते. त्यांच्यावर ताज्या काचेचे कवच होते. गंज नाही, गाळ नाही. म्हणजे जिथे रस पोचतच नाही असे सगळे मानत होते, तिथे तो नुकताच पोचला होता. सरांनी चिठ्ठी लिहून दगडांना बांधली.

वरिष्ठांनी ते मानले नाही. ते म्हणाले, हे आदल्या दिवशीच्या, मधल्या भागातल्या जाळीतले दगड असणार. या पोराचे डोके फिरते आहे, त्याने चिठ्ठी चुकीची लावली. संशयित नमुना कोणी तपासत नाही. दगड कोणालाच नको होते, म्हणून सर ते घेऊन आले. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून त्यांनी ते सांभाळले. किती वर्षे, ते मी मोजलेले नाही. त्यांचे केस त्या काळात पांढरे झाले.

अखेर त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने मार्ग काढला. ती तासगावच्याच एका जैन बागायतदाराची मुलगी. दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत काम करत होती. तिने फोनवर सांगितले की आदल्या दिवशीच्या जाळीतल्या दगडांची तपासणी नोंदलेली आहे. सरांच्या दगडांची काच त्या नोंदीशी जुळली तर चूक सरांची. जुळली नाही तर चिठ्ठी खरी. महिनाभरात ती स्वतः येऊन दगड नेणार होती. सरांनी ही बातमी मला कॉरिडॉरमध्ये थांबवून सांगितली. मी 'बरे' म्हणालो.

त्याच महिन्यात महाविद्यालयाची तपासणी करणारी समिती यायची होती. प्राचार्यपदाची निवड त्यानंतर दोन महिन्यांनी व्हायची होती आणि माझे नाव त्यात होते. सर यमाईच्या यात्रेसाठी तीन दिवस औंधला गेले होते. ते दरवर्षी जात. मी विभागांची पाहणी करत भूशास्त्राच्या खोलीत पोचलो. सरांनी कपाटाची किल्ली दोनदा हरवल्यामुळे ती माझ्या टेबलाच्या खणात असे. मी कपाट उघडले. दगड धुळीत होते. डबाही उघडला. त्यातले तीन सर्वांत कळकट दिसले.

प्रयोगशाळा परिचर दस्तगीर माझ्यासोबत होता. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याचे वडील तासगावच्या बाजारात पाटे-वरवंटे आणि जात्यांना टाकी लावून देत. ते काम त्याच्याही हातात होते. मी त्याला म्हणालो, "हे सगळे साफ करून ओळीने मांडा. एकसारखे दिसले पाहिजेत."

"ह्ये डब्यातलं तिन्ही बी, साहेब?"

"सगळे म्हणजे सगळे."

दस्तगीरने मला हवे होते ते त्याला येत होते तसे केले. दगड घासून निघेना, तेव्हा त्याने छिन्नी आणि हातोडी आणली. कवच काढले, तोंड सारखे केले आणि पाट्याला मारतात तशी बारीक टाकी मारली. सांजेपर्यंत सगळे दगड एका मापात टेबलावर होते. मी त्याला शाबासकी दिली. समितीच्या एका बाईंनी त्यातल्या एका दगडावरून हात फिरवून म्हटले, "नमुने फार निगुतीने ठेवले आहेत." ते वाक्य अहवालात आले.

सर परतले ते प्रसाद घेऊनच खोलीत आले. मी समितीचे कागद आवरत तिथे होतो. दस्तगीर दाराशी होता. सरांनी टेबलाकडे पाहिले. मग रिकाम्या डब्याकडे. एक दगड हातात घेऊन त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"कुणी केलं?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

मी कागद आवरत राहिलो. दस्तगीर म्हणाला, "मी केलं, सर."

सरांनी आणखी एकदा अंगठा फिरवला. "टाकी झकास पडलीया. बापानं शिकवली?"

"व्हय."

"आजकाल अशी कोण मारत न्हाई." त्यांनी दगड खाली ठेवला. "चुरा कुठं टाकला, गड्या?"

चुरा खोलीमागच्या खड्ड्यात टाकला होता. तिथे वर्षानुवर्षे प्रात्यक्षिकातले फुटके दगड टाकले जात. आमच्याकडचा सगळाच दगड काळा. काळ्यात काळे शोधायचे होते. दुसऱ्या दिवशी दस्तगीर बेदाण्याच्या शेडमधून प्रतवारी करायच्या चाळण्या घेऊन आला, मोठ्या भोकांची, बारीक भोकांची आणि त्याहून बारीक. सोबत त्याची बायको होती. ती हंगामात बेदाणा निवडायला जाई. दोन दिवस ते तिघे खड्ड्याशी बसून होते. मी वरच्या व्हरांड्यातून पाहत होतो. खाली गेलो नाही.

त्या बाईचे डोळे फार तेज होते. सर एक कण वेचत तोवर ती पाच वेचून मोकळी होई. एकदा तिचा आवाज वर आला: "सर, तुमी ते ठेवा आन चहाचं बघा. तुमच्या हातनं डाग असलेलं बी पेटीत जाईल."

"अगं, तुझा बेदाणा गोड लागून कळतोय. ह्यो चावून बघू का?"

"दात हायत का तुमास्नी?"

दुसऱ्या दिवशी सांजेला कागदाच्या पुडीत चिमूटभर काच जमली. मोहरीएवढे कण. विद्यार्थिनीला फोन लावला तेव्हा मी खोलीत होतो. सरांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला होता.

"कण पुरेसे आहेत, सर," ती म्हणाली. "अडचण वेगळी आहे. हे त्याच दगडांचे आहेत हे कोण मानणार? आधीच चिठ्ठीवर संशय. आता खड्ड्यातून काढलेले कण. मला लेखी लागेल. कपाट कोणी उघडले, कोणाच्या सांगण्यावरून कवच निघाले, चुरा कुठे पडला, कसा वेचला. ज्याने सांगितले त्याच्या सहीने. नाहीतर माझे वरिष्ठ पुडी उघडणारसुद्धा नाहीत."

"बघतो," सर म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. खिडकीबाहेर पाहिले.

आदल्याच दिवशी मी दस्तगीरला खुलासा मागणारे पत्र दिले होते. परवानगीविना नमुन्यांना हात लावल्याबद्दल. ते लिहिताना माझा हात थांबला नाही. आज हे लिहिताना थांबतो.

निकाल काय लागला ते आधी सांगून टाकतो. सरांची चिठ्ठी खरी ठरली. आदल्या दिवशीच्या दगडांशी ती काच जुळली नाही. रस टेलला खरोखर पोचला होता. मात्र तो टेलच्या स्वतःच्या तळातून आलेला नव्हता. मधल्या भागातल्याच एका निराळ्या उफाळ्याचा रस, भेगेभेगेने आडवा वाहत टोकापर्यंत आला होता. टेलला स्वतंत्र झरा आहे असे सर इतकी वर्षे मानत आले होते. ते चुकले. विद्यार्थिनीला हे सांगताना अवघड वाटत होते. सर फोनवर हसले. म्हणाले, "पोरी, टेलला पाणी आलं का न्हाई? आलं. कंच्या फाट्यातनं आलं ते आता तू बघ." त्या वर्षी त्यांनी मुलांना शिकवताना खडू खाली ठेवला नाही. फळ्यावर मधून टोकापर्यंत एक आडवी रेघ ओढली.

प्राचार्यपद मला मिळाले नाही. त्याला कारणे अनेक होती. विद्यार्थिनीने मागितलेले माझ्या सहीचे पत्र त्यांतले एक.

ते पत्र लिहायला मला आठ दिवस लागले. मी गणिताचा माणूस. चार ओळींच्या मजकुराला आठ दिवस लागावेत असे त्यात काही नव्हते. रोज सकाळी लिहीत असे आणि रोज दुपारी फाडत असे. पहिल्या मसुद्यात समितीच्या घाईचा उल्लेख होता. दुसऱ्यात सरांच्या किल्ली हरवण्याचा. तिसऱ्यात दस्तगीरच्या अतिउत्साहाचा. एकेक वजा करत गेलो. शेवटी मीच उरलो. नवव्या दिवशी सकाळी महाविद्यालयाच्या शिक्क्याच्या कागदावर ते उतरवले, सही केली आणि भूशास्त्राच्या खोलीत गेलो.

सर पुडी लाकडी पेटीत बसवत होते. दस्तगीर पेटीला खिळे ठोकण्यासाठी उभा होता. सरांनी पत्र घेतले, भिंग लावून वाचले. त्यांना चष्म्याचा कंटाळा होता.

मी म्हणालो, "तुम्ही विचारलेत तेव्हा मी इथेच उभा होतो."

"व्हय. हुता की."

"किल्ली माझ्याकडे असते हे तुम्हाला माहीत होते."

"दुसरी हायच कुठं."

"मग विचारलेत कशाला?"

सरांनी भिंग पुसले. "वर यायला किती दीस लागत्यात ते बघत हुतो."

"आठ," मी म्हणालो.

"मग बरं हाय. काही ठिकाणी येतच न्हाई."

एवढे बोलून त्यांनी पत्र पेटीत ठेवले नाही. ते दस्तगीरच्या पुढे धरले. "घे. वाच. आमाला ऐकू यील असं वाच."

दस्तगीरने माझ्याकडे पाहिले. त्याने हातोडी टेबलावर ठेवली, हात विजारीला पुसले आणि वाचायला सुरुवात केली. तो सातवीपर्यंत शिकलेला होता. जोडाक्षरापाशी थांबे, मग पुढे जाई. कपाट मी उघडले, हे त्याने वाचले. दगड साफ करण्याचा हुकूम माझा होता, हे वाचले. परिचरास नमुन्यांचे महत्त्व सांगण्यात आले नव्हते, त्याने आज्ञेप्रमाणे उत्तम काम केले आणि त्यास दिलेले पत्र मी मागे घेत आहे, हेही वाचले. हे वाचताना त्याचा आवाज बदलला नाही. खोलीत खुर्च्या होत्या. बसा असे मला कोणी म्हटले नाही, आणि मी बसलो नाही.

शेवटच्या ओळीवर तो अडला. बोट त्या ओळीखाली ठेवून त्याने मान वर केली.

"साहेब, 'जबाबदारी सर्वस्वी माझी' लिवलंय. सर्वस्वी म्हंजे किती?"

"सगळी," मी सांगितले.